भाऊंच्या जोड्या

हॉटेलात प्लेन डोसा मागवला की भाऊ वेटरला गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "अन् पायलट कुठी आहे गा?"

वेटर गोंधळून गल्ल्याकडे बघायचा. भाऊ समजावून सांगायचे, "तू प्लेन देऊन राहिला न? मंग थे चालवणारा?" तेवढ्यावर थांबणारा माणूस मी समजू शकतो. भाऊ थांबत नसत. डोसा आला की त्याची गुंडाळी उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे, पंख कुठे आहेत ते शोधायचे आणि मगच चटणीत बुडवायचे. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायची आणि मी मेन्यूकार्डात तोंड घालायचो. मला त्यांचा मनापासून राग यायचा. पुढच्या रविवारी डोसा खायला चला म्हणून फोनही मीच करायचो.

इंग्रजीत आवाज एक आणि अर्थ दोन असे पुष्कळ शब्द आहेत. विमान तेही प्लेन, साधा डोसा तोही प्लेन. आठवडा तोही वीक, अशक्त तोही वीक. स्पेलिंग वेगळं, कानाला मात्र एकच. भाऊ अशा दोन शब्दांना 'जोडी' म्हणत. जोड्या गोळा करणं आणि वेळीअवेळी माणसांवर सोडणं हा त्यांचा खरा उद्योग. पोटासाठी आम्ही दोघं कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनवर ऑपरेटर होतो. ते सीनियर, मी त्यांच्या हाताखाली.

शहरातून कोराडीला जाणाऱ्या स्टाफ बसमध्ये भाऊंची सीट दाराजवळची. सकाळच्या पाळीला लोक डोळे चोळत चढायचे आणि भाऊ दारात पाय आडवा घालून बसलेले असायचे.

"तिकीट?"

तिकीट म्हणजे जोडी. नवी जोडी दिली की पाय बाजूला व्हायचा. जुनी दिली तर "बासी माल चालत नाई" म्हणून ते मागच्या सीटकडे बोट दाखवत. मागची सीट म्हणजे चाकावरची. कोळशाच्या ट्रकांनी त्या रस्त्याची काय दशा केली होती ते ज्यांनी अंगावर सोसलंय, त्यांनाच ही शिक्षा कळेल. एकदा मी वैतागून मराठी जोडी दिली, 'कर म्हणजे हात आणि कर म्हणजे टॅक्स.' भाऊंनी पाय हलवला नाही.

"मराठीत कोणीबी करते, बाबू. घरच्या गाईचं दूध काढलं, त्यात काय मोठं? इंग्रजाची गाय दोहून दाखव."

इंग्रजीशी त्यांचं जुनं भांडण होतं. शाळेत मास्तरांनी त्यांना फळ्यासमोर उभं करून 'सन' लिहायला सांगितलं. भाऊंनी मुलगा लिहिला, मास्तरांना सूर्य हवा होता. छडी बसली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी शहाणपणा करून सूर्य लिहिला, तर त्या दिवशी धड्यात मुलगा होता. पुन्हा छडी. मॅट्रिकला इंग्रजीत एकदा गचकलेसुद्धा. "तवा इंग्रजीनं मले मारलं," ते सांगायचे, "आता मी तिले खेळवून राहिलो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सूड वगैरे काही नसे, नुसता आनंद असायचा.

आता टर्बाइन हॉलबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिथे बोललेलं ऐकू येत नाही. मशीनचा आवाजच एवढा की कानात बोळे घालून पाळी काढावी लागते. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. घशातून आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ स्पष्ट हलवायचे आणि सोबत हातांच्या खुणा. व्हॉल्व्ह उघड, पंप बघ, चहा आला, साहेब आले, सगळं असंच. निरोप पोचला की हेल्मेटवर तळहात ठेवायचा. तळहात डोक्यावर याचा अर्थ 'समजलं, सगळं ठीक आहे.' नवीन आलेली पोरं घाबरायची. त्यांना वाटायचं, सीनियरने आपल्याला बघून डोक्याला हात लावला.

भाऊ मशीनच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून तिथूनसुद्धा मला जोड्या पाठवायचे. ओठांनी 'हेअर' म्हणायचे, हेल्मेट काढून आपलं टक्कल दाखवायचे आणि मग दोन बोटांचे सशाचे कान करायचे. केस तेही हेअर, ससा तोही हेअर. मी इकडे एकटाच खो खो हसायचो आणि माझं हसणं मलाही ऐकू यायचं नाही. भेटीला आलेले मोठे इंजिनियर माझ्याकडे संशयाने बघायचे.

ही सवय आम्ही घरीही घेऊन जायचो. जरा कुठे गोंगाट झाला की आमचा आवाज आपोआप बंद आणि ओठ सुरू. लग्नात बँड वाजायला लागला की मंडपाच्या या टोकाचे आणि त्या टोकाचे आमचे लोक निवांत गप्पा मारत असायचे. बायका या प्रकाराला कंटाळलेल्या. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, "येताना मेथी आणजा" म्हटलं की भाऊ मुकाट्याने डोक्यावर तळहात ठेवून निघत. वहिनी खवळायच्या.

"तोंड नाई का तुमाले? हाव म्हणाले काय जाते तुमचं?"

भाऊ पुन्हा तळहात डोक्यावर ठेवायचे.

वहिनींची एक गोष्ट भाऊंना आयुष्यभर लागली. त्या भाऊंच्या विनोदाला हसत नसत. स्वभाव रडका होता असं मुळीच नाही. शेजारणींच्या घोळक्यात वड्या वाळत घालताना त्यांचं हसणं आमच्या घरापर्यंत यायचं. पण इंग्रजी त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं, आणि भाऊंचा सगळा माल इंग्रजी. बसमधले चाळीस लोक हसवणारा माणूस घरी येऊन ताटावर बसला की समोर अगदी शांत चेहरा.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आम्ही इतवारीच्या बाजारात गेलो होतो. भाऊ, वहिनी आणि पिशव्या धरायला मी. हातगाड्या चुकवत भांड्यांच्या ओळीतल्या एका दुकानात शिरलो. दुकानदार ताटांची चळत पुढे सरकवून म्हणाला, "काका, सब असली स्टील है, गॅरंटी!"

भाऊ दचकले. इकडे तिकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "सगळं स्टील? अन् असं उघड्यावर मांडून बसला? पोलीस येत नाई का गा?"

दुकानदार भडकला. "क्या बात करते हो काका, पक्का बिल देता हूँ!" म्हणत त्याने बिलबुक काढून समोर आपटलं. मला हसू आवरेना. वहिनी मात्र शरमेने लाल झाल्या. रस्त्यावर आल्यावर भाऊंनी त्यांना समजावलं, "अवं, स्टील म्हणजे पोलाद, अन् स्टील म्हणजे चोरणं. दोन्हीचा आवाज एक."

वहिनी म्हणाल्या, "मंग सरळ चोरणं म्हणा न. त्या मानसाले काहून तरास देता?"

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य. सांगून हसवलं त थे ट्युशन झालं. मले हिले फुकटात हसवाचं आहे." आणि मग वहिनींना, "एक दिवस तुले हसवीनच वं. लिहून ठेव."

"हसवा," वहिनी म्हणाल्या. "तोवर थे पिशवी धरा."

भाऊ निवृत्त झाले, शहराच्या कडेला बेसाला घर बांधून राहायला गेले, मागोमाग मीही निवृत्त झालो. आमच्या निवृत्त लोकांचा वर्षातून एक स्नेहमेळावा असतो. त्यात शेवटचा कार्यक्रम ठरलेला, भाऊंच्या जोड्या. माइक हातात घेऊन भाऊ उभे राहिले की म्हाताऱ्यांची पोटं दुखेपर्यंत ते सोडत नसत. वहिनी बायकांच्या बाजूला पुढच्या रांगेत बसायच्या आणि सगळे हसत असताना पदर नीट करायच्या. भाऊंचा डोळा सतत त्यांच्यावर असायचा.

मग भाऊंच्या घशात गाठ निघाली. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि वर सिगरेट, त्यामुळे कोणी फार आश्चर्य केलं नाही. आवाजाची पेटी काढावी लागेल, मग श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा आणि बोलणं बंद, असं डॉक्टर उभ्या उभ्या, फोनकडे बघत सांगून निघाले होते. भाऊंनी त्यांना बसक्या आवाजात थांबवलं.

"डॉक्टरसाहेब, तुमच्यापाशी पेशंट्स लय आहेत. पण पेशन्स नाई."

डॉक्टर एकदम हसले. स्टूल ओढून बसले आणि पुढचं सगळं नीट समजावून सांगितलं. वहिनी डबा घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. इंग्रजी बोलणं, त्यात ऑपरेशनची धास्ती, त्या कशाला हसतील? भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हे एक हसवाची राह्यलीच, बाबू." भाऊंच्या आवाजातलं मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो.

ऑपरेशन चांगलं झालं, गाठ गेली. भाऊ घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्यांच्या मुलाने आणून दिलं होतं. ते लावलं की राग, लाड, थट्टा, सगळं एकाच सपाट आवाजात बाहेर पडायचं. भाऊंनी ते कपाटात टाकलं. मग पाटी दिली. पाटीवर जोडी लिहिली की स्पेलिंग दिसतं आणि जोडी तिथेच मरते, म्हणून पाटीही गेली. भेटायला येणारे लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे. माणसाचा आवाज गेला म्हणजे कानही गेले असं लोकांना काहून वाटतं, देव जाणे. भाऊंनी भेटणंच बंद केलं. मलासुद्धा वहिनी दारातूनच परत पाठवायच्या.

एका सकाळी मी हट्टाने आत शिरलो. बेसाला तेव्हा प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर काहीतरी उठत होतं. भाऊंच्या शेजारी स्लॅब पडत होता, काँक्रीट मिक्सर धडधडत होता, आणि घरात वहिनींनी चटणीसाठी मिक्सर लावलेला. त्या गोंगाटात मी भाऊंच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि जुन्या खोडीने, एक क्षणही विचार न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "लोड किती?"

पाळी बदलताना आम्ही एकमेकांना हेच विचारायचो, मशीनवर किती भार आहे म्हणून. भाऊंनी मान वळवली. माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग त्यांचे ओठ हलले.

"युनिट ट्रिप झालं."

ट्रिप होणं म्हणजे मशीन एकाएकी बंद पडणं. मी काय बोलावं या विचारात होतो, तोवर ओठ पुन्हा हलले. "नातेवाईक समजले, काशीच्या ट्रिपले गेलो."

मी मोठ्याने हसलो. भाऊंचे खांदे गदगदा हलायला लागले. आम्ही दोघं ओठ आणि हात चालवत सुटलो, इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं. तेवढ्यात वहिनींनी मिक्सर बंद केला आणि त्या दारात आल्या. बघतात तर त्यांचा मुका नवरा आणि त्याच्यासमोर तोंड वेडंवाकडं करणारा मी.

"काय भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "त्यायची नक्कल करून राह्यले का तुमी? लाज नाई वाटत?"

खुलासा करायला मला बराच वेळ लागला. भाऊ तोवर मांडीवर थापा मारत होते. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि मला चहा दिला. मी लगेच मुद्द्यावर आलो.

"भाऊ, मेळाव्याले चला. तुमचा कार्यक्रम करा."

भाऊंनी ओठांनीच विचारलं, "काहून? शाल घ्याले?"

वहिनी मध्ये पडल्या. "नोका नेऊ त्यायले. लोक कीव करतीन. मले थे पाहवणार नाई."

मी भाऊंना म्हणालो, "टर्बाइन हॉलमधे कवा आवाज होता भाऊ आपल्याले? तिथी तुमी मले हसवलं नाई का?"

भाऊंनी खिडकीबाहेर त्या स्लॅबकडे पाहिलं. मग त्यांनी तळहात डोक्यावर ठेवला.

मेळावा दुपारी होता. जेवणाला पाटवडी रस्सा आणि वडाभात, सभागृहाच्या कडेने ताटांच्या चळती. समितीने भाऊंच्या जागी गाण्याचा कार्यक्रम ठेवायचं ठरवलं होतं. मी बैठकीत इतका भांडलो की शेवटी 'सत्कारानंतर पाच मिनिटं' एवढं पदरात पडलं. सत्कार झाला. सचिवाने 'आपले भाऊ आता बोलू शकत नसले तरी' असं गळा काढून भाषण केलं, शाल घातली, नारळ दिला. सभागृहात चुकचुकाट झाला. पुढच्या रांगेत वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. हा माणूस आता सगळ्यांसमोर फसला तर पुन्हा घराबाहेर निघणार नाही, आणि तो दोष माझा, या विचाराने मी खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसलो.

सचिवाने सवयीने माइक भाऊंपुढे धरला. भाऊंनी तो घेतला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि सचिवाच्याच खिशात खोचून दिला. पहिला हशा तिथे पिकला.

मग भाऊंनी दोन्ही हात पसरून विमान केलं आणि व्यासपीठावर एक गिरकी घेतली. थांबले. हवेतल्या हवेत डोशाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, आत बटाट्याची भाजी शोधली, सापडली नाही, आणि नुसते ओठ हलवले. आमच्या टर्बाइनच्या म्हाताऱ्यांनी ओठ वाचले होतेच. सगळे एका सुरात ओरडले, "प्लेन!"

मागे बसलेल्या सुना-जावयांना खेळ कळला. भाऊ दोन अर्थ करून दाखवायचे आणि एक आवाज आम्ही द्यायचा. तागडी धरली, वजन टाकलं, मग मनगटावरचं घड्याळ बघत ताटकळत उभे राहिले. "वेट!" टक्कल, सशाचे कान. "हेअर!" आता मागचे लोक आमच्या आधी ओरडायला लागले होते. भाऊंचा आवाज आम्ही झालो होतो आणि तो सभागृहाच्या बाहेर रस्त्यापर्यंत जात होता.

मग भाऊंनी गळ्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर बोट ठेवलं. भोक. आणि दोन्ही हात आपल्या अख्ख्या देहाभोवती गोल फिरवले. उत्तर सगळ्यांना कळलं होतं, म्हणायची कोणाची छाती होईना. शेवटी आमचा क्रेन चालवणारा जुना दोस्त काठी टेकत उठला आणि ओरडला, "होल! होल मानूस आहे गा आमचा भाऊ, अर्धा नाई!" त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या त्या मी कधी विसरणार नाही. पाच मिनिटं केव्हाच संपली होती. सचिव स्वतःच शिट्ट्या वाजवत होता.

भाऊ व्यासपीठावरून खाली उतरले. कडेच्या चळतीतून त्यांनी एक ताट उचललं आणि सरळ वहिनींपुढे जाऊन उभे राहिले. ताटावर बोटाच्या पेराने टण् वाजवलं. दुकानदारासारखी छाती फुगवली. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, ताट सत्काराच्या नव्या शालीखाली सरकवलं आणि चवड्यांवर, चोरपावलांनी दाराकडे निघाले. ताटाचा गोल शालीतून स्पष्ट दिसत होता.

आमच्यातलं कोणीच ओरडलं नाही. सगळे वहिनींकडे बघत होते.

वहिनींच्या कपाळाला आधी आठी पडली. मग त्या शालीतल्या गोलाकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अगो माय," त्या म्हणाल्या, "इतवारीतलं थे! पोलीस!"

आणि वहिनी हसल्या. पदर तोंडावर घेतला तरी मावेना, शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा दाराशी पोचलेल्या नवऱ्याला ओरडून म्हणाल्या, "मंग तवाच असं करून दाखवाले काय झालं होतं तुमाले?"

भाऊ ताट काखेत धरून जागच्या जागी उभे होते. त्यांचा चेहरा मी एवढा उजळलेला कधीच पाहिला नव्हता, आवाज होता तेव्हासुद्धा नाही. सभागृहाच्या त्या टोकावरून त्यांनी नुसत्या ओठांनी वहिनींना विचारलं, "समजलं?"

सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. त्यात कोणाचंच काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. वहिनींनी डोळे पुसले, ताठ बसल्या, आणि आपला तळहात डोक्यावर ठेवला.